छायाचित्राचें स्वामित्व : मुळशी खोऱ्यांतील वीरगळांच्या निमित्तानें

१. प्रयोजन

इतिहासाच्या साधनांत कागद, ताम्रपट, शिलालेख व नाणीं यांच्या पंक्तीस छायाचित्र येऊन बसल्यास आतां दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे. जुना कागद हातीं आला म्हणजे त्याचा लेखक कोण, तो कोणाच्या दप्तरांतून आला, त्याची मिति कोणती, हे प्रश्न आपण प्रथम विचारतों. छायाचित्राच्या बाबतींत मात्र हे प्रश्न विचारण्याचा परिपाठ अद्याप पडलेला नाहीं. ग्रंथांतून, स्मरणिकांतून व व्याख्यानांच्या पत्रकांतून छायाचित्रें छापलीं जातात. तीं कोणीं घेतलीं, केव्हां घेतलीं, आणि घेणाराची अनुमति होती कीं नाहीं, याचा पुष्कळदां पत्ता लागत नाहीं. हा दोष केवळ शिष्टाचाराचा नव्हे. त्यांत कायद्याचा भंग आहे, आणि संशोधनाच्या दृष्टीनें त्याहून मोठी हानि ही कीं, त्यामुळें पुरावा नष्ट होतो.

पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुका घ्या. पौड खोरें, मुळशी खोरें, मुठें खोरें, घनगड व कोरीगड यांच्या पायथ्याचीं गांवें, या टापूंत देवळांच्या आवारांत वीरगळ व सतीशिळा उभ्या आहेत. तळाच्या पट्टींत युद्धप्रसंग, त्यावर वीरास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, हा त्यांचा क्रम वाचकांस परिचित आहे. ताम्हिणीच्या बाजूस कोसळणारा पाऊस दरवर्षीं या दगडांवरून वाहतो, आणि कोरीव काम हळूहळू बोथट होत जातें. शिवाय याच खोऱ्यांत मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांनीं बांधलेल्या धरणानें अनेक गांवें पाण्याखालीं घातलीं. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं सुरू झालेला आणि सेनापति बापट यांच्या नांवाशीं कायमचा जोडला गेलेला सत्याग्रह सर्वश्रुत आहे. जी वस्तु पाण्याखालीं गेली किंवा पावसानें झिजली, तिचें जुनें छायाचित्र हें मूळ वस्तूच्या जागीं पुरावा होतें.

आज या खोऱ्यांत पायपीट करून असे दगड टिपणारे तरुण आहेत. प्रस्तुत लेखकाच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें एकाच वीरगळाचीं छायाचित्रें कांहीं वर्षांच्या अंतरानें घेऊन त्याची झीज नोंदविली होती. त्यांपैकीं एक छायाचित्र त्याच्या नकळत एका पुस्तकांत गेलें. त्याखालीं ना घेणाराचें नांव, ना गांव, ना दिनांक. आणि छापतांना चित्र डाव्याचें उजवें झालें, त्यामुळें उजव्या हातीं खड्ग धरलेला वीर डावखुरा ठरला. पुढें एखादा अभ्यासक त्यावरून अनुमान बांधील, तर तें चुकीचें होईल आणि पडताळणीस मूळ कर्त्याकडे जाण्याची वाटही नसेल. त्या तरुणानें त्यानंतर आपला संग्रह कोणास दाखविण्याचें सोडून दिलें. चोरी एका चित्राची झाली, परंतु अभ्यासकांस साराच संग्रह दुरावला. म्हणून या विषयांतील कायदा काय आहे, हें संग्राहकांनीं व संशोधकांनीं एकदां नीट समजून घेणें अवश्य आहे.

२. पूर्वपीठिका

हिंदुस्थानांत १८४७ सालीं झालेला कॉपीराइटचा पहिला कायदा ग्रंथांपुरता होता. छायाचित्राची कला तेव्हां नवी होती. मुंबईस १८५४ सालीं छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांत होते. इंग्लंडांत १८६२ च्या कायद्यानें चित्रांच्या बरोबरीनें छायाचित्रांसही संरक्षण मिळालें. अमेरिकेंत हा वाद १८८४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें आला. नेपोलियन सरोनी या छायाचित्रकारानें ऑस्कर वाइल्ड या साहित्यिकाचें घेतलेलें छायाचित्र एका शिळाप्रेसवाल्यानें छापून विकलें होतें. छायाचित्र हें यंत्राचें काम असून त्यांत कर्तृत्व असें कांहीं नाहीं, असें प्रतिवादीचें म्हणणें. बसण्याची ढब, वस्त्रांची मांडणी, छाया व प्रकाश यांची योजना या सर्वांत छायाचित्रकाराची बुद्धि दिसते, असें सांगून न्यायालयानें तें अमान्य केलें.

आपल्याकडे १९१४ सालीं इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यास धरून नवा कायदा झाला. त्यांत छायाचित्राचा हक्क मूळ काच तयार झाल्यापासून ५० वर्षें टिके, आणि ती काच तयार होतांना जिच्या मालकीची असेल त्या व्यक्तीस कर्ता समजत. म्हणजे चित्र कोणीं घेतलें यापेक्षां काच कोणाची, यास महत्त्व होतें. स्वातंत्र्यानंतर झालेला १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलांत आला. त्यानें हें तत्त्व बदललें. छायाचित्राचा कर्ता म्हणजे तें घेणारी व्यक्ति, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. पोथीच्या भाषेंत सांगावयाचें तर पूर्वीं पोथीच्या धन्यास लेखक मानीत. आतां लेखणी धरणारास लेखक मानतात.

३. कर्ता आणि स्वामी

कर्ता हाच सामान्यतः पहिला स्वामी होय. याला अपवाद आहेत. मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र घेतलें असेल, तर उलट करार नसल्यास सांगणारा हा स्वामी होतो. एखाद्या संस्थेनें पैसे देऊन आपल्या वार्षिक संमेलनाचें छायाचित्र काढविलें, तर त्यावर संस्थेचा हक्क आहे. नोकरीच्या कामांत घेतलेल्या छायाचित्राचा हक्क उलट करार नसल्यास मालकाकडे जातो. वृत्तपत्राच्या नोकरांविषयीं थोडा निराळा नियम आहे: मालकाचा हक्क वृत्तपत्रांत प्रसिद्ध करण्यापुरता असतो, बाकीच्या बाबतींत कर्त्याचा राहतो. परंतु संस्थेनें नुसती विनंति केली आणि एखाद्या हौशी माणसानें फुकट छायाचित्रें घेऊन दिलीं, तर हक्क त्या हौशी माणसाचाच. आपल्याकडील बहुतेक क्षेत्रकार्य असेंच फुकट होतें, हें येथें ध्यानांत ठेवावें.

हक्क मिळण्यासाठीं नोंदणीची आवश्यकता नाहीं. चित्र तयार होतांच हक्क उत्पन्न होतो. नोंदणी केल्यास न्यायालयांत प्रथमदर्शनीं पुरावा मिळतो, इतकाच तिचा लाभ. ‘सर्व हक्क स्वाधीन’ असें खालीं लिहिलेलें नव्हतें, म्हणून आम्हीं छापलें, ही सबब चालत नाहीं.

स्वामित्वाहून निराळा असा कर्त्याचा आणखी एक अधिकार कायद्यानें मानला आहे. हक्क विकून टाकला तरीही आपण कर्ता आहों असें म्हणण्याचा, आणि आपल्या कीर्तीस बाध येईल अशी मोडतोड कोणीं केल्यास ती थांबविण्याचा अधिकार कर्त्याजवळ राहतो. वीरगळाच्या उलट्या छापलेल्या चित्राचा प्रश्न या कलमाखालीं येऊं शकतो.

नांव देण्याची रीति आपल्या देशांत नवी नाहीं. जेम्स फर्ग्युसन यांच्या वर्णनासह १८६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानांतील कोरीव लेण्यांवरील ग्रंथांत ७४ छायाचित्रें आहेत. तीं जागेवर जाऊन मेजर गिल यांनीं घेतलीं, हें त्या ग्रंथाच्या नामपृष्ठावरच छापलेलें आहे. अजिंठ्याच्या अभ्यासकांस गिल यांचें काम काळ व कर्ता यांसह वापरतां येतें, तें त्या एका ओळीमुळें. उलट उदाहरण होमाई व्यारावाला यांचें. देशांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ख्याति झाली आणि २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. परंतु मुंबईंतील त्यांचीं आरंभींचीं छायाचित्रें त्यांच्या पतीच्या नांवानें प्रसिद्ध होत असत. अशा वेळीं कोणतें चित्र कोणाचें, हें ठरविण्याचें काम पुढच्या अभ्यासकावर पडतें.

४. तीन निरनिराळीं स्वामित्वें

संग्राहकांचा मोठा घोटाळा होतो तो येथें. एका जुन्या छायाचित्राच्या संबंधांत तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात: कागदाच्या तुकड्याची मालकी, त्यावरील चित्राचा हक्क, आणि चित्रांत दिसणाऱ्या वस्तूची मालकी. जुन्या बाजारांत पैसे मोजून घेतलेल्या छायाचित्राबरोबर पहिली गोष्टच आपल्या घरीं येते. तें भिंतीवर लावावें, विकावें, दान द्यावें. परंतु हक्काचा अवधि संपलेला नसेल तर तें पुस्तकांत छापण्याचा अधिकार त्या खरेदीनें मिळत नाहीं. त्याचप्रमाणें वीरगळ ज्या गांवाच्या देवळाशीं आहे त्या गांवास, किंवा पोथी ज्या घराण्याची आहे त्या घराण्यास, केवळ वस्तूचे धनी म्हणून दुसऱ्यानें घेतलेल्या छायाचित्रावर कॉपीराइट मिळत नाहीं. मात्र पोथी दाखवितांना धन्यानें अटी घातल्या असतील व छायाचित्र घेणारानें त्या मान्य केल्या असतील, तर तो करार पाळणें त्यास बंधनकारक आहे.

आतां पोथीच्या पानाचें जसेंच्या तसें घेतलेलें छायाचित्र, यांत हक्क उत्पन्न होतो काय? हा प्रश्न नाजूक आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें नुसते श्रम व पैसा खर्च केल्यानें कृति मौलिक होत नाहीं, तींत थोडी तरी बुद्धीची योजना हवी, असें ठरविलें. तो खटला न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींविषयीं होता; तथापि त्यांतील तत्त्व येथेंही लागू करतां येतें. न्यूयॉर्क येथील न्यायालयानें १९९९ सालीं ब्रिजमन विरुद्ध कोरल या खटल्यांत, जुन्या सपाट चित्राच्या तंतोतंत छायाचित्रास कॉपीराइट नाहीं, असा निर्णय दिला. युरोपीय संघानेंही २०१९ च्या निर्देशांत, ज्यांचा हक्क संपला आहे अशा दृश्य कलाकृतींच्या निव्वळ प्रतिकृतींविषयीं हेंच धोरण पत्करलें. तेव्हां मोडी कागद यंत्राखालीं ठेवून घेतलेल्या प्रतीवर कोणी कायमचा हक्क सांगूं लागल्यास तो टिकणें कठीण आहे.

वीरगळाची गोष्ट निराळी आहे. दगड सपाट नाहीं. झिजलेली रेघ दिसावी म्हणून सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हाची वाट पाहावी लागते. कोणत्या बाजूनें, किती अंतरावरून, कोणती पट्टी ठळक करावयाची, हें ठरवावें लागतें. भर दुपारीं घेतलेल्या चित्रांत जो योद्धा दिसतही नाहीं, तो तिरप्या उन्हांत ढालतलवारीसह उभा राहतो. ही निवड बुद्धीची आहे. म्हणून अशा छायाचित्रावर घेणाराचा हक्क आहे.

५. प्रतिबिंब, आलेख्य व तुल्यदेही

मग एकानें टिपलेला वीरगळ दुसऱ्यानें टिपूंच नये काय? या शंकेचें उत्तर आपल्या साहित्यशास्त्रांतील एका जुन्या विवेकानें सुलभ होतें. नवव्या शतकांतील आनंदवर्धनाचार्यांनीं ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतांत, दोन कवींच्या रचनांत आढळणाऱ्या साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: आरशांतील प्रतिबिंबासारखें, चित्रांत काढलेल्या आकृतीसारखें, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या देहधाऱ्यांसारखें. पहिले दोन त्याज्य. तिसरा दोषाचा नव्हे, कारण दोन माणसें सारखीं दिसलीं तरी प्रत्येकाचा जीव निराळा असतो. पुढें राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त या हरणविचाराचा विस्तार केला.

छायाचित्रास हा विवेक चांगला लागू पडतो. दुसऱ्याचें छायाचित्र उचलून छापणें हें प्रतिबिंब होय. तें कडेनें कापलें, रंग बदलला, डाव्याचें उजवें केलें, तरी तें प्रतिबिंबच राहतें. दुसऱ्याच्या छायाचित्रावरून रेखाचित्र काढून छापणें हें आलेख्य होय. येथें पुष्कळांची समजूत अशी असते कीं, आपण हातानें काढलें म्हणजे दोष गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८ मे २०२३ रोजीं दिलेला निर्णय या बाबतींत बोधप्रद आहे. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनीं घेतलेल्या गायक प्रिन्स याच्या छायाचित्रावरून अँडी वॉरहॉल या नामांकित चित्रकारानें रंगीत चित्र केलें होतें. तें एका मासिकास मोबदला घेऊन छापावयास दिलें, तो उपयोग क्षम्य ठरला नाहीं. तो निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीं. परंतु आपल्या कायद्यानेंही कृतीचें पुनरुत्पादन, मग तें कोणत्याही भौतिक स्वरूपांत असो, स्वाम्याकडे राखलें आहे.

तिसरा प्रकार तुल्यदेही. आपण स्वतः त्या गांवीं जावें, त्याच वीरगळासमोर उभें राहावें, आणि आपलें छायाचित्र घ्यावें. दोन्हीं चित्रें सारखीं दिसलीं तरी प्रत्येकाचा कर्ता स्वतंत्र आहे. शेंकडों वर्षांच्या दगडावर कोणाचाही कॉपीराइट नाहीं. हक्क आहे तो एका विशिष्ट चित्रावर.

६. हक्काचा अवधि

कोणतें छायाचित्र सर्वांस मोकळें झालें आहे, हें ठरविण्यास वर्षांचा हिशेब करावा लागतो. १९१४ च्या कायद्याप्रमाणें काच तयार झाल्यापासून ५० वर्षांचा अवधि असल्यामुळें १९०७ अखेरपर्यंत घेतलेल्या छायाचित्रांचे हक्क नवा कायदा येण्यापूर्वींच संपले, आणि नव्या कायद्यानें ते पुन्हां जिवंत केले नाहींत. १९५७ च्या कायद्यानें प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ५० वर्षांचा अवधि ठरविला. पुढें १९९२ च्या दुरुस्तीनें ५० चे ६० झाले. म्हणून १९५१ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेलीं छायाचित्रें २०११ अखेर मोकळीं झालीं असें समजण्यास हरकत नाहीं. हेन्री कझिन्स यांच्या दक्षिणेंतील मध्ययुगीन देवालयांवरील १९३१ च्या ग्रंथांतील चित्रें या वर्गांतील होत. मुळशी सत्याग्रहाच्या काळांतील एखादें छायाचित्र त्या वेळीं प्रसिद्ध झालेलें असेल तर तेंही मोकळें आहे.

२१ जून २०१२ पासून मात्र मोठा फरक झाला. छायाचित्रांसाठीं असलेलें निराळें कलम गाळण्यांत आलें, आणि छायाचित्रकार हा ग्रंथकार व चित्रकार यांच्या पंक्तीस बसला. त्या दिवशीं ज्यांचा हक्क शिल्लक होता त्या व त्यानंतरच्या छायाचित्रांस आतां कर्त्याचें आयुष्य व मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षें इतकें संरक्षण आहे. म्हणजे आज पंचविशींतील तरुणानें घनगडावर घेतलेलें छायाचित्र त्याच्या नातवंडांच्या काळींही संरक्षित असूं शकेल. यास्तव जुनीं म्हणून वाटणारीं १९५१ नंतरचीं छायाचित्रें चौकशी केल्यावांचून छापूं नयेत. उलट, ज्यांचा अवधि संपला आहे अशा चित्रांवर केवळ मूळ प्रत आपल्याजवळ आहे म्हणून कोणीं कॉपीराइट सांगूं नये. नियम दोहों बाजूंनीं पाळला पाहिजे.

७. संशोधकास असलेली मोकळीक

कायदा अभ्यासाच्या आड येत नाहीं. खासगी उपयोग व संशोधन, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचें वृत्त यांसाठीं रास्त प्रमाणांत केलेला उपयोग भंग समजला जात नाहीं. अभ्यासाकरितां छायाचित्राची प्रत टिपणांत ठेवणें, अथवा एखाद्या चित्रावरील वाचन चुकीचें आहे हें दाखविण्यासाठीं तें चित्र लेखांत देणें, हें या मोकळिकींत बसवितां येईल. विक्रीच्या ग्रंथास शोभा यावी म्हणून अथवा मुखपृष्ठासाठीं दुसऱ्याचें छायाचित्र घेणें यांत बसत नाहीं.

हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं आणखी एक भेद लक्षांत घ्यावा. सार्वजनिक ग्रंथालयांत किंवा संग्रहालयांत असलेलें अप्रकाशित लेखन संशोधनासाठीं वा प्रकाशनासाठीं उतरून घेण्याची सवड कायद्यांत आहे. लेखक ज्ञात असल्यास त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें झालीं पाहिजेत. परंतु ही सवड वाङ्मय, नाट्य व संगीत यांपुरती आहे. छायाचित्रांचा तींत उल्लेख नाहीं. दप्तरांत पत्राबरोबर छायाचित्रही सांपडलें, तर पत्राचा नियम छायाचित्रास लावूं नये. कर्ता मृत वा अज्ञात असेल, अथवा शोधूनही हक्काचा स्वामी सांपडत नसेल, तर वर्तमानपत्रांत सूचना देऊन रीतसर परवाना मागण्याची तरतूद कायद्यांत आहे.

८. व्यवहार

उपयोग करणारानें अनुमति लेखी घ्यावी. त्या पत्रांत कोणतें छायाचित्र, कोणत्या ग्रंथासाठीं, किती आवृत्त्यांसाठीं, किती मुदतीसाठीं, मोबदला काय, आणि नांव कोणत्या शब्दांत छापावयाचें, इतकें स्पष्ट असावें. हक्क कायमचा घ्यावयाचा असेल तर मुदत व प्रदेश लिहिणें विशेष अवश्य आहे. मुदत न लिहिल्यास ती ५ वर्षें व प्रदेश न लिहिल्यास तो भारतापुरता, असें कायदा धरतो.

छायाचित्रकारानें मूळ काच, फिल्म अथवा कॅमेऱ्यांतील मूळ फाइल जपून ठेवावी, आणि गांव, जागा, दिनांक व वेळ यांची वही ठेवावी. ही वही न्यायालयांत पुरावा होते, आणि संशोधनांतही. भंग झाल्यास प्रथम पत्रानें कळवावें. पुष्कळ प्रकरणें अज्ञानांतून घडलेलीं असतात व तेवढ्यानें मिटतात. न मिटल्यास मनाई, नुकसानभरपाई व नफ्याचा हिशेब मागतां येतो. दावा आपण राहतों तेथील जिल्हा न्यायालयांत लावण्याची सोय कायद्यानें ठेविली आहे. मुळशीच्या रहिवाशास त्यासाठीं दूर देशीं जाण्याचें कारण नाहीं, पुणें पुरे. जाणूनबुजून केलेला भंग हा गुन्हाही आहे, आणि त्यास ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५०,००० पासून २,००,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

९. उपसंहार

आपले जुने लेखनिक पोथीच्या शेवटीं आपलें नांव, गांव, शक व तिथि नोंदवीत. बहुतेकांनीं स्वतः एक अक्षरही रचलेलें नसे. तरीही त्या पुष्पिकेवरून आज आपण पोथीचा काळ व परंपरा ठरवितों. छायाचित्राखालील एक ओळ हीच त्याची पुष्पिका होय. ती खोडणारा छायाचित्रकाराचा हक्क बुडवितो, आणि पुढच्या अभ्यासकाची वाटही बुजवितो. यापुढें आपल्या त्रैमासिकांत छापल्या जाणाऱ्या प्रत्येक छायाचित्राखालीं घेणाराचें नांव, स्थळ, दिनांक व अनुमतीचा उल्लेख असावा, आणि ज्यांचा अवधि संपला आहे अशा चित्रांसही मूळ ग्रंथाचा निर्देश जोडावा, अशी संपादकांस व सभासदांस विनंति आहे. इतकी व्यवस्था झाली तर मुळशी खोऱ्यांतील तरुण आपले संग्रह पुन्हां आपल्यापुढें मांडतील. आणि त्या दगडांवरील रेघा पावसानें पुसून जाण्यापूर्वीं त्यांचें कालाधारित चित्रदप्तर सिद्ध होईल.